जाधव साहेबांची जीभ

पहिला घास तोंडात घातला आणि जाधव साहेब थांबले. डोळे मिटले. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या पुतळाबाईचा जीव टांगणीला लागला.

"येसर घरी दळलेली नाही," साहेब म्हणाले.

"व्हय साहेब. संपली होती. शेजारणीकडून आणली."

"तिनं धने जास्त घातलेत. आणि बाजरी जुनी आहे."

दोन्ही खरं होतं. जीभ होती का सोनाराचा काटा! आमटीला लावलेलं चिमूटभर येसरचं पीठ या माणसापासून लपत नव्हतं, मग बाकीचं किती दिवस लपणार, असं पुतळाबाईला रोज वाटायचं.

साहेब चिकलठाण्याच्या एमआयडीसीत मोठे इंजिनीअर. कंपनीनं त्यांना जर्मनीला धाडलं, जपानला धाडलं. लोक तिकडं जाऊन मशिनी बघून येतात, हे खाऊन आले. हाम्बुर्गला धुरावर भाजलेला मासा, जपानात कच्चा मासा, वाटेत इटलीत उतरून आणखी काय काय. एकटा जीव. रविवारी स्वतःच खांद्यावर टॉवेल टाकून गॅसपुढं उभे राहायचे आणि कुठल्या देशात काय कसं शिजतं ते पुतळाबाईला सांगायचे. तिला त्या गोष्टी आवडायच्या. त्या जिभेचं मात्र भ्या वाटायचं.

कारण पुतळाबाईनं जात चोरली होती.

गेल्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्याच आठवड्यात गावकऱ्यांनी तिच्या वस्तीला आग लावली. नवरा त्यात गेला. पोरीला, सत्यभामेला, घेऊन ती शहरात आली. तीन घरांत खरी जात सांगितली, तीन दारं तोंडावर बंद झाली. चौथ्या दारात, साहेबांच्या, तिनं सांगून टाकलं, "धनगराची हाय, लासूर स्टेशनकडची." काम मिळालं, बंगल्यामागची खोली मिळाली, सत्यभामेचं कॉलेज सुरू झालं.

पण बंगला होता नानासाहेबांचा. कंपनीही त्यांचीच. आणि नानासाहेब म्हणजे नामांतराच्या विरोधात सभा गाजवणारा माणूस. त्यांच्या कानावर एक शब्द गेला असता, तर मायलेकी त्याच पावली रस्त्यावर आल्या असत्या.

गुरुवारी नानासाहेब जेवायला आले. वांग्याच्या भाजीवर ताव मारता मारता म्हणाले, "जाधव साहेब, घरातली माणसं पारखून ठेवा बरं. आजकाल कोण कुठली जात सांगून आत शिरंल, नेम नाय."

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. "खरंय. नेम नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी सरळ पुतळाबाईकडं पाहिलं.

वाढताना तिच्या हातातली भाकरी ताटाबाहेर पडली. नानासाहेब हसले. साहेब हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांचे प्रश्न सुरू झाले. "पुतळाबाई, तुमच्यात मेंढीच्या दुधाचं काय करतात हो?"

"करत्यात की. दही करत्यात बहुतेक."

"बहुतेक?"

मेंढी तिनं लांबूनच पाहिलेली. ती भांडी घासायच्या निमित्तानं मोरीकडं गेली. मग साहेबांनी चुलीवरच्या स्वयंपाकाचं विचारलं, माहेरचं विचारलं, सणाला बायका काय रांधायच्या ते विचारलं. आवाज मऊ, पण सुटका नाही. शनिवारी तिनं सत्यभामेला सांगितलं, "कपडे बांधून ठेव."

"कुठं जायचं, आई?"

"ते मला ठावं असतं तर रडायचं काय कारण होतं?"

रविवारी दुपारी साहेब बाहेरून आले. पहारेकऱ्याला त्यांनी घरी पाठवून दिलं, पुढच्या दाराची कडी लावली, खिडक्या ओढून घेतल्या आणि स्वयंपाकघरात आले. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं होतं. त्यांनी ते ओट्यावर सोडलं. सिल्लेखान्याच्या खाटकाकडून आणलेलं बड्याचं, म्हणजे बैलाचं, मटण, लांब लांब पट्ट्या कापून घेतलेलं.

"हाम्बुर्गात एका दुकानात असं मांस वाळवून टांगलं होतं," साहेब हळू म्हणाले. "त्या काचेपुढं मी अर्धा तास उभा होतो. पुतळाबाई, मीठ लावून दोरीवर वाळवायच्या. चान्या. येतात तुम्हाला?"

पुतळाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. चान्या! हा शब्द कुठल्या हॉटेलात मिळत नाही. तो फक्त तिच्या वस्तीत, तिच्या माणसांच्या तोंडी. कुणीतरी साहेबांना तो शिकवून पाठवलं होतं. हो म्हणाली की संपली, आणि नुसतं नाही म्हणून हा माणूस सोडणार नव्हता.

"छी, छी!" तिनं पदर नाकाला लावला. "साहेब, काय बोलता हे? असलं नावबी काढू नका! आम्ही देवाधर्मातली माणसं. ते त्या लोकांचं खाणं. आमच्यात त्यांची सावली अंगावर पडली तर आंघोळ करत्यात!"

बोलताना तिला आई आठवली, अंगणात दोरी बांधणारी. पण पोरीसाठी ती थांबली नाही. आणखी दोन शब्द बोलली, ऐकवणार नाहीत असे.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घाईघाईनं पुडकं गुंडाळायला घेतलं. दोरा काही केल्या बांधता येईना. ते दारापर्यंत गेले आणि परत आले. वर्षभर कधी निघाली नव्हती अशी बोली त्यांच्या तोंडून निघाली.

"बाई, पाया पडतो तुझ्या," ते हात जोडून म्हणाले. "नानासाहेबाला सांगू नको. माझी माय करायची गं चान्या."