चाळीस कंदील

कात्री गणपतीच्या सोंडेपाशी आली आणि श्यामलाबाईंचा हात थांबला.

"आई, सोंड जपून हं," भैरवी म्हणाली. "तुटली तर तुम्हालाच रात्रभर रुखरुख."

ती त्यांची सून. मे महिन्यात राजसशी लग्न होऊन आलेली. त्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिका श्यामलाबाईंच्या मांडीवर होत्या. वर सोनेरी गणपती, म्हणून रद्दीत घातल्या नव्हत्या. पाच महिने फडताळात बसून होत्या.

भैरवी समोर चटईवर जाड निळ्या कागदाला घड्या घालत होती. वीस दिवस खपून तिनं दिवाळीची चाळीस भेटकार्डं केली होती. उघडलं की आतून कागदाचा कंदील उभा राहायचा. परवा रात्री गोंद वाळावा म्हणून खोकं न्हाणीघराबाहेर, उबेला ठेवलं. काल ते बंबात गेलं. आता उद्या पोस्टात पडतील तेवढीच कार्डं पाडव्याआधी पोचणार होती.

ती एका शब्दानं रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं श्यामलाबाईंना सकाळपासून वाटत होतं.

काल देवळात काल्याचं कीर्तन होतं. घरकामाच्या धोंडूबाईंना यायला उशीर झालेला, लाकडं ओली, आणि बुवा दहाला उभे राहणार. बंबात कागद सारायचा तर आधी उलटून बघायचा, देवाचं चित्र नाही ना, ही श्यामलाबाईंची जन्माची सवय. कालही त्यांनी बघितलं. खोक्यातलं एक कार्ड उघडलं. कंदील उभा राहिला. देव नव्हता. सुनेचे कागद घरभर पडलेले असायचेच. हे उरलंसुरलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पाणी झकास तापलं.

कीर्तनात बुवांनी कृष्णाची चोरी रंगवली. लोणी स्वतः खाल्लं आणि हात पुसले पेंद्याच्या तोंडाला! श्यामलाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. दुपारी कपाळावर बुक्का तसाच, जिभेवर दहीलाह्यांची चव तशीच, आणि भैरवीनं विचारलं, "आई, माझं खोकं बघितलंत?"

"धोंडूबाईंनी घातलं असेल बंबात," त्या म्हणाल्या.

किती पटकन आलं ते तोंडातून.

बाहेर चपला वाजल्या. धोंडूबाई आत आल्या त्या रोजच्यासारख्या मोरीकडे न जाता चटईच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"सूनबाई, माझ्या हातनं लई वंगाळ झालं बघा."

श्यामलाबाईंनी मान वर केली नाही.

"राजसदादा भेटलं स्टॉपवर, शिरोलीला कामावर निघाल्यालं. त्येंनी सांगितलं. व्हय, काल मी आलो तवा बंब पेटल्यालाच हुता. पर इझाय लागला म्हणून दोन कागद सारलं खरं मी. त्यातच गेलं असंल."

"अहो मावशी, मुद्दाम थोडंच केलंत?" भैरवी म्हणाली. "आणि तुम्हाला नक्की आठवतंय का?"

"मला काय आठवतंय! वैनी म्हणत्यात म्हंजे मीच घातलं. त्या कशाला खोटं बोलत्यात? कीर्तनाचं माणूस त्ये." धोंडूबाईंनी काखेतली पिशवी चटईवर पालथी केली. चॉकलेटचे चांदीचे कागद, लाल, हिरवे, निळे, एकेक नखानं सपाट केलेला. "नातीनं जपल्यालं. म्हटलं दे गं बये, आज्जीनं एकीचं नुकसान केलंय. रडली वाईच. पर दिलं."

"अगंबाई, तिचे कशाला आणलेत?"

"असू द्या. आता ह्यो गणपती लावाय लागलाय न्हवं, लई ब्येस. आमास्नी वाचाय येत न्हाय, पर देव दिसला की हात आपसूक मागं येतो. वैनींनीच शिकीवलंय मला."

श्यामलाबाईंनी गणपतीला गोंद लावला. जास्तच लागला. तो बोटाला चिकटून बसला, निघेना.

"थांबा, तुम्हाला दाखवते," भैरवी म्हणाली. सकाळपासून झालेल्या सहा कार्डांपैकी वरचं तिनं धोंडूबाईंच्या हातात दिलं. "उघडा."

धोंडूबाईंनी ओले नसलेले हात पुन्हा पदराला पुसले. कार्ड उघडलं. निळ्या कागदाच्या पाकळ्या एकामागून एक सुटल्या आणि कंदील त्यांच्या दोन्ही तळव्यांमध्ये उभा राहिला. झिरमिळ्यांसकट.

"आगं आई आई आई," त्या म्हणाल्या. "आत असं हुतं व्हय?"

त्यांनी तो नाकाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग त्यांचं तोंड एकदम उतरलं.

"उघडून बघाय पायजे हुतं मी. ह्ये बघितल्यावर कोण बंबात घालंल सांगा? माणसाच्यानं हुईल व्हय ते?"

बोटाला चिकटलेला गणपती श्यामलाबाईंनी हळूच सोडवला. सोंड बोटालाच राहिली.

"मी बघितलं होतं, धोंडूबाई," त्या म्हणाल्या. "उघडून."

मग धोंडूबाईंनी कार्ड सावकाश मिटलं. कंदील एकेक पाकळी करत आत झोपला.