शिडीची वाटणी

शिडी दीड पुरुष कमी पडत होती. धाकट्याने ती बुंध्याला लावून पाहिली, शेवटच्या पायरीवर उभं राहून हात ताणून पाहिला आणि शेवटी खाली उतरून झाडालाच दोन शिव्या हासडल्या. आईची ठकी वर, थेट दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर अडकली होती. पानांतून तिची नुसती शेपटी दिसत होती.

ठकी म्हणजे आईची मांजर. बारा वर्षांची, भोपळ्यासारखी गोल. मघाशी फोनवर आईचा आवाज इतका कापत होता की धाकटा हातातला रोलर तसाच बादलीत टाकून धावत आला होता.

“बंब बोलावू का?” तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी विचारलं.

“घरात दोन दोन रंगारी असताना बंब कशाला?” आई म्हणाली.

दोन दोन म्हटल्यावर धाकटा चमकला. त्याने मागे वळून पाहिलं. फाटकातून थोरला आत येत होता. त्याच्या खांद्यावर शिडीचा दुसरा तुकडा होता.

शिडी मुळात एकच. अ‍ॅल्युमिनियमची, एका तुकड्यात दुसरा सरकणारी. दोघा भावांनी अठरा वर्षं मिळून रंगकाम केलं ते तिच्याच जोरावर. तीन वर्षांपूर्वी धाकटा एका गिऱ्हाईकासमोर बोलून गेला, “हल्ली हात थरथरतो दादाचा, रेघ सरळ येत नाही.” खोटं नव्हतं ते. पण खरं असलं म्हणून काय झालं, चारचौघांत बोलायची गोष्ट नव्हती. थोरल्याने ब्रश होता तिथेच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वाटणी मागितली. ब्रश वाटले, बादल्या वाटल्या, उरलेले रंगाचे डबेसुद्धा वाटले. शिडीवर गाडी अडली. कुणीच माघार घेईना, तेव्हा दोघांनी तिचे तुकडे सुटे केले आणि एकेकाने एकेक उचलून नेला. चांगली चाळिशी ओलांडलेली माणसं, पण डोकं गहाण ठेवल्यावर वयाचा काय उपयोग.

तेव्हापासून उंचावरची कामं दोघांच्याही हातून गेली. इमारतीला बाहेरून रंग द्यायचं काम आलं की दोघंही “वेळ नाही” म्हणून टाळायचे. आईकडे एक रविवारी यायचा, दुसरा बुधवारी. आई दोघांना सांगून सांगून थकली आणि वर्षभरापूर्वी तिने तो विषयच सोडला.

थोरल्याने आपला तुकडा गवतावर ठेवला. धाकट्यानेही ठेवला. खाचेत खाच बसवायला दोघांना बोलावं लागलं नाही, हातांना सवय होती. आकडे अडकले, शिडी वर सरकली आणि फांदीला जाऊन टेकली. आता एकाने चढायचं आणि एकाने खाली धरायचं. चढायचा तो नेहमी धाकटाच.

त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबला. जमीन भुसभुशीत होती. नजर जायला नको तिथे, थोरल्याच्या हातांवर गेली. ते थरथरत होते. पूर्वीपेक्षा जास्तच.

थोरल्याच्या ते लक्षात आलं. त्याने मागच्या बाजूने शिडी दोन्ही हातांनी कवटाळून छातीशी धरली आणि तळाच्या पायरीवर दोन्ही पाय रोवून अख्खा भार टाकला.

“चढ,” तो म्हणाला. “हात थरथरतात माझे. पाय नाही थरथरत.”

तीन वर्षांतलं हे पहिलं वाक्य. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून तो चढायला लागला. शिडी तसूभरही हलली नाही.

वर पोचून त्याने पानं बाजूला केली आणि बघतच राहिला. ठकी मजेत पाय चाटत बसली होती. तिच्या अंगाखाली आईचा निळा टॉवेल होता, चौघडी करून दोन फांद्यांच्या बेचक्यात नीट बसवलेला. आणि बेचक्यापासून हातभर अंतरावर आईच्या स्वयंपाकघराची खिडकी होती, सताड उघडी. दाट पानांमुळे ती खालून दिसत नव्हती आणि आईच्या रडारडीत कुणाला तिची आठवणही झाली नव्हती. ठकीला आत घ्यायला शिडी सोडाच, साधं स्टूलही लागलं नसतं. ती गेली अडीच वर्षं पलंगावरदेखील स्वतःहून चढली नव्हती, उचलून ठेवावी लागायची.

आधी त्याला रागच आला. तिकडे भिंत अर्धी रंगवून झाली होती, आता तिच्यावर डाग पडणार आणि सगळं पुन्हा करावं लागणार. आईला खडसावावं म्हणून त्याने खाली पाहिलं. आई वर बघतच नव्हती. ती थोरल्याकडे बघत होती. आणि थोरला शिडीला मिठी मारून, मान मोडेल इतकी वर करून, धाकट्याच्या पायांकडे बघत होता.

धाकट्याने ठकीला शर्टात कोंबलं. टॉवेल खिडकीतून आत टाकला. मग काच सरकवून खिडकी लावून घेतली आणि सावकाश खाली उतरला.

आईने त्याच्या डोळ्याला डोळा न भिडवता मांजर घेतली. थोरल्याने शिडी अजून सोडली नव्हती. तो वर बघत होता आणि त्याच्या कपाळाला आठी पडली होती.

“आईची खिडकी त्याच बाजूला आहे ना रे? तिथून नसता पुरला हात?”

ठकीच्या पाठीवरून फिरणारा आईचा हात थांबला.

“खिडकी बंद आहे,” धाकटा म्हणाला. “दोघांशिवाय झालंच नसतं, दादा.”