कैऱ्यांचा दोष

महिला मंडळाच्या आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी शाल्मलीची बोटं पट्टीने मोजली. पाळीआधी तिची दर महिन्याला चिडचिड व्हायची. त्या सकाळीही भाजी खारट म्हणून ती आईवर ओरडली होती. तरी आईनेच तिला इथे आणलं होतं.

“आईच्या पोटात असताना बाळाला कुठली हार्मोन्स किती मिळाली, त्याचा बोटांच्या लांबीशी आणि या चिडचिडीशी संबंध आहे का, ते आम्ही तपासतोय,” डॉक्टर म्हणाल्या.

आईचा चेहरा पडला. “हिच्या वेळी मी रोज कैऱ्या खायचे. त्यानं काही झालं असेल का हो?”

शाल्मलीला कसंतरीच झालं. सकाळच्या भांडणाबद्दल अवाक्षर न काढता आई एकवीस वर्षांपूर्वीची स्वतःची चूक शोधत बसली होती.

“कैऱ्यांनी काही होत नाही, ताई,” डॉक्टर हसल्या.

“आणि भाजी चांगली होती, आई,” शाल्मली पुटपुटली. “मीच उगाच ओरडले.”

आईने बांगड्या मागे सारून आपला हात टेबलावर ठेवला. “माझीही मोजा. महिन्यातले चार दिवस मीही घर डोक्यावर घेते. माझ्या आईला जाब विचारायचाय.”