टेबलाची पलीकडची बाजू

उचगावच्या एका दुकानात इमाम आणि कामिल हे सख्खे भाऊ एकाच टेबलावर समोरासमोर बसून जुने, हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम दुरुस्त करायचे. आठ वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. बारीक स्क्रूड्रायव्हर मात्र दोघांत एकच. कामिलला तो लागला की तो मुकाट्यानं तळहात पुढं करायचा, आणि इमाम हातात न देता तो टेबलावर टाकायचा.

कामिल वारला तेव्हा इमाम मातीलासुद्धा गेला नाही.

चाळिसावा झाल्यावर कामिलची बायको सलमा एक गेम घेऊन आली. "भाईजान, त्यांचा हाय. आवाज येतोय, पण पडद्यावर काय दिसत न्हाय."

"ठेव. बघतो की."

ती गेल्यावर इमामनं पडद्यावरची कुजलेली फिल्म खरवडून काढली. असल्या पडद्यावरचं चित्र फिल्मशिवाय डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून त्यानं नवी फिल्म डोळ्यांसमोर धरून पाहिलं. चित्र स्वच्छ होतं.

गेमच्या पलीकडं, टेबलावर, एक उघडा तळहात होता.

त्यानं फिल्म बाजूला केली. भर दुपारच्या उन्हात टेबल रिकामं होतं. पुन्हा धरली. तळहात तिथंच होता, अंगठ्यावर सोल्डरिंगनं भाजल्याचा जुना डाग.

इमामनं दातओठ खात स्क्रूड्रायव्हर टेबलावर टाकला, नेहमीसारखाच.

तळहात स्क्रूड्रायव्हर ओलांडून पुढं आला आणि इमामच्या मनगटावर मिटला.

त्यानं फिल्म फेकून दिली. मनगटावर काहीच नव्हतं. पण हात काही केल्या टेबलावरून उचलता येईना.