ट्रेबलचं बटण

"आता नीट ऐक, आणि मग बोल," मारोजाहान म्हणाला, आणि त्याने कीबोर्डची वायर घरच्या म्युझिक सिस्टीमला जोडली. दिवाणखान्याच्या दोन कोपऱ्यांत कमरेएवढे लाकडी स्पीकर उभे होते. तीस वर्षं मेदान शहरातल्या लग्नांची गाणी तो आधी या स्पीकरांवर बसवत आला होता. इथे जसं वाजतं तसंच हॉलवर वाजलं पाहिजे, हा त्याचा हट्ट.

आज हॉलवर सगळा घोळ झाला. त्याला आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबका वाटला, म्हणून त्याने तो चांगला धारदार केला. तर नवरानवरीला उलोस पांघरायला उठलेल्या आत्याबाईंनी कान झाकले, आणि ते मानाचं वस्त्र जमिनीवर पडलं. केवढा अपशकुन! त्याची भाची होत्मा तिथे गात होती, वाद्यवृंदही तिचाच. तिने सरळ सांगून टाकलं, पुढच्या शनिवारी दुसरा वादक. म्हणून तर तिला तो हाताला धरून घरी घेऊन आला होता.

तो वाजवू लागला. "बघ! कसं मधासारखं!"

"मामा, बास! बास करा हो!" होत्माने कान दाबले. "हे तर हॉलपेक्षाही कर्कश आहे!"

"कर्कश? डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

मारोजाहान चक्रावून गेला. हॉलवर दबकं, घरी गोड. आणि या पोरीला दोन्हीकडे कर्कश. खुळं कोण झालंय तेच कळेना.

होत्मा वाकून सिस्टीम निरखू लागली. "अगंबाई! ट्रेबल शेवटपर्यंत पिळून ठेवलंय की!" तिने ते वरचे सूर वाढवणारं बटण मध्यावर आणलं. "हं, आता वाजवा."

त्याने उजवीकडच्या वरच्या पट्ट्या दाबल्या. पट्ट्या खाली गेल्याचं बोटांना कळलं. सूर आला नाही.

"काय बंद केलंस तू?"

"काहीच नाही. वाजतंय की, मामा. किती छान वाजतंय."

त्याने पुन्हा दाबल्या, जोर लावून. हॉल, शनिवार, सगळं राहिलं बाजूला. त्याला फक्त तो सूर हवा होता.

"तिऊर!" त्याने स्वयंपाकघराकडे हाक मारली. मग ओरडलाच. "अगं ए तिऊर! इकडे ये! तू सांग, हे वाजतंय का?"

माशाला हळद लावता लावता त्याची बायको तशीच बाहेर आली. तिने आधी बटणाकडे पाहिलं, मग होत्माकडे. मग तिने दोन्ही कानांतले कापसाचे बोळे काढले. पांढऱ्या कापसाला पिवळी बोटं उमटली.

मारोजाहान तिच्या तळहाताकडे बघतच राहिला. "हे कधीपासून?"

"कीबोर्ड म्हातारा झाला, वरचे सूर गेले म्हणून दोन दिवस जेवला नव्हतात ना, रोंदांगचे बाबा," तिऊर म्हणाली, "तेव्हा ते बटण मीच फिरवलं होतं."