साडीचं अंथरूण

इस्पितळातून कौसल्या गेल्याचा फोन आला, तेव्हा तिचं लाडकं कुत्र्याचं पिल्लू तिनं निघताना बदलून ठेवलेल्या साडीवर झोपलं होतं. नानांनी ते अंथरूण तसंच ठेवलं.

महिन्याभरात पिल्लाच्या पोटावर पुवाचे फोड उठले. नानांनी हळद-तेल चोपडलं, फोड वाढले.

"तेल बंद करा, नाना. जंतूंमुळे झालंय, औषधानं बरं होईल," गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली. "अंथरूण कधी धुतलंत?"

"बायकोची साडी आहे, बाई. धुतली तर तिचा वास जाईल."

तिनं औषध लिहून दिलं. "मग पिल्लाखाली दुसरं काही घाला."

घरी नानांनी साडी नाकाशी धरली. तेलाचा आणि पिल्लाचाच वास आला.

पिल्लू आता नानांच्या धुतलेल्या धोतरावर झोपतं. पोट स्वच्छ झालंय. साडी बादलीत आहे. अजून धुवायची आहे.