वाकडी नासपती
"पेशी विभागताना गुणसूत्रांची एक जोडी सुटी झालीच नाही, त्यातून तुमच्या बाळाला हा डाउन सिंड्रोम. चूक कोणाचीच नाही," डॉक्टर सांगून गेले. हेजूच्या डोक्यात नुसता गुंता झाला. कोणाचीच नाही, मग झालं कशानं? शेवटी तिनं सासूला सांगून टाकलं, "आई, पाचव्या महिन्यात मी चोरून वाकडी नासपती खाल्ली." गरोदर बाईनं सुबक फळच खायचं, हे कोरियातल्या त्यांच्या नाजू गावातलं शेंबडं पोरही जाणतं. बाजारात फळं विकून म्हातारी झालेली सासू म्हणाली, "अगं पोरी, सुबक फळं गिऱ्हाइकाला जायची. तुझा नवरा पोटात असताना मी उरलेली वाकडीच खाल्ली. तो सरळ निघाला ना? जरा जास्तच!" "मग हे कशामुळे?" "मला कुठं कळतंय!" नातीला छातीशी धरून सासू म्हणाली. "हिचं बसकं नाक माझंच आहे, एवढं मात्र कळतंय."